रॉकेलचा घोट

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाई उगाच बाऊ करते. विंचवाची मला भीती वाटत नाही. काळोखाची वाटत नाही. समुद्राची वाटायची, ती लग्न झाल्यावर वर्षभरात गेली. रॉकेलची मात्र वाटते, आणि ती काही केल्या गेली नाही.

माझं माहेर मंडणगडाच्या पलीकडे, डोंगरात. लहानपणी आमच्याकडे वीज होती, पण पावसाळ्यात ती पाहुणीसारखी यायची आणि चहासुद्धा न घेता निघून जायची. त्यामुळे घरात चिमण्या, कंदील आणि रॉकेलचा डबा असायचाच. रेशनचं रॉकेल तेव्हा निळं असे. ओली लाकडं पेटेनात की आई वाटीतून थोडं रॉकेल चुलीत शिंपडायची, भक्कन जाळ उठायचा आणि मी उडी मारून थेट अंगणात. घरातले सगळे हसायचे. हिला सासरी चूल पेटवायला माणूस पाठवावा लागणार, असं आजोबा म्हणायचे.

मग शेजारच्या काकूचा पंपाचा स्टोव्ह भडकला. ती पिन मारत होती, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं. तिला चादरीच्या झोळीत घालून चार माणसं डोंगर उतरून घेऊन गेली, ती माझ्यासमोरून. चादरीतून तिचा हात बाहेर आला होता आणि हातातल्या हिरव्या बांगड्या धड होत्या. ती परत आली नाही. त्यानंतर वाडीतल्या बायका स्टोव्हचा विषय निघाला की आवाज खाली आणायच्या, कारण काही घरांतले स्टोव्ह आपोआप भडकत नसत. हे मला मोठेपणी कळलं. तेव्हा मला एवढंच कळलं होतं की ज्याने भात शिजतो त्यानेच माणूस जातं, आणि ते घरात दाराआडच ठेवलेलं असतं.

आता नशीब बघा. एवढी भीती असलेली मी दिली गेले ती रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी, मासेमारी करणाऱ्या घरात, आणि त्या घराचं सगळं रॉकेलवर चालायचं. घरात गॅस आलेला होता, तिथे मी जिंकले. पण होडीचं काय करणार? आमची होडी लहान. तिच्या मागे टांगतात ते इंजिन पेट्रोलवर सुरू होतं, आणि एकदा गरम झालं की रॉकेलवर चालतं. त्यामुळे जाळी ठेवायच्या खोपीत रॉकेलचे मोठे कॅन कायम भरलेले. रेशनचं निळं रॉकेल आमच्याकडे बंद झालं ते झालंच. आता जे मिळतं ते पांढरं, पाण्यासारखं स्वच्छ. मला त्याची जास्तच भीती वाटते. निळं निदान आपली ओळख तरी देत होतं.

मोठ्या कॅनमधून इंजिनाच्या टाकीत रॉकेल भरायची इथल्या माणसांची एक रीत आहे. कॅन वर ठेवायचा, टाकी खाली. हातभर प्लास्टिकची नळी कॅनमध्ये सोडायची, दुसरं टोक तोंडात धरून ओढायचं, आणि रॉकेल तोंडाशी येतं न येतं तोच नळी टाकीत घालायची. मग ते आपोआप वाहत राहतं. कोणाकोणाच्या तोंडात थोडं येतंच. ते थुंकायचं, समुद्राच्या पाण्याने चूळ भरायची, वर विडी ओढायची. विडी निघाली की मी तिथून चालू लागायचे.

सासऱ्यांनी आयुष्यभर असंच भरलं. माझ्या नवऱ्याने त्यांच्याकडून घेतलं, आणि नवऱ्याने धाकट्या भावाला शिकवलं. ही नुसती आळसाची गोष्ट नव्हती. तोंडात आलेल्या थेंबावरून यांना कळायचं की रॉकेलात पाणी मिसळलंय की नाही. भर समुद्रात इंजिन बंद पडण्यापेक्षा जेटीवर तोंड कडू झालेलं बरं, असा त्यांचा हिशेब. मी काही बोलले की नवरा म्हणायचा, "तुझ्या त्या डोंगरात काय, बैल ओढतात. हिथं इंजिन ओढता." मग मी गप्प बसायचे, म्हणजे दोन दिवस बोलत नसे. ते त्याला बरंच वाटत असणार.

माझे धाकटे दीर मात्र होडीवर राहिले नाहीत. ते मुंबईला गेले आणि विमानतळावर लागले. विमानात इंधन भरणाऱ्या टँकरवर. पहिल्या सुट्टीला आले तेव्हा पडवीत बसून त्यांनी सांगितलं की विमान रॉकेलवर उडतं. अगदी आपलं नव्हे, जास्त साफ केलेलं, पण जात तीच. सासूबाई जवळा निवडत होत्या. त्यांनी मान वर करून शांतपणे विचारलं, "मग वात खंय असते त्याची?" आम्ही हसून लोळलो, पण त्यांचं समाधान काही झालं नाही. एवढं मोठं धूड रॉकेलवर उडवायचं तर वात केवढी लागेल, ही त्यांची शंका होती.

मला मात्र हसून झाल्यावर धडकी भरली. पंखांतसुद्धा तेच भरलेलं असतं, असं दीर म्हणाले होते. आमच्या डोक्यावरून तटरक्षकांचं विमान अधूनमधून जातं, रत्नागिरीच्या धावपट्टीवरून उठून समुद्राकडे. तेव्हापासून ते गेलं की मी वाळत घातलेले कपडे सोडून घरात यायचे. त्याचा काय उपयोग, ते मला विचारू नका. भीतीला शहाणपण शिकवता येत नाही, निदान मला आलं नाही.

ज्या दिवसाबद्दल लिहायला बसले तो दिवस साधा होता. पावसाळ्याची बंदी उठून मासेमारी नुकती सुरू झाली होती. सकाळचं ऊन चांगलं वर आलेलं. नवरा डबा विसरून गेला होता म्हणून मी भाकरी आणि सुक्या बांगड्याची चटणी घेऊन जेटीवर गेले. तो होडीत उकिडवा बसून नळी ओढत होता. मी नेहमीप्रमाणे दुसरीकडे तोंड केलं.

माझ्या नवऱ्याला एक सवय आहे. कोणी काही विचारलं की उत्तर दिल्याशिवाय त्याच्याने राहवत नाही. गावात कोणाचा पत्ता विचारला तर हा घरापर्यंत सोडून येईल. शेजारच्या होडीतून कोणी तरी ओरडून विचारलं, वारा कसा हाय रे बाहेर? आणि याने तोंडात नळी असतानाच उत्तर द्यायला श्वास घेतला.

आवाज आला तो खोकल्याचा नव्हता. गळ्यात काही तरी फाटल्यासारखा होता. मी वळले तेव्हा तो होडीच्या काठाला धरून वाकला होता आणि त्याला श्वास घेता येत नव्हता. चेहरा लाल, मग काळपट. नळी खाली पडून रॉकेल होडीत सांडत होतं आणि ते कोणी बंद करत नव्हतं. मग एकदाचा खोकला फुटला. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी आलं, आणि थोड्या वेळाने तो चक्क हसला. "काय नाय झाला. थोडा घशात गेला."

आजूबाजूचे हसले. असं प्रत्येकाचं कधी ना कधी झालेलं होतं. मला हसू येत नव्हतं. मी म्हटलं, घरी चला. तो येणार नाही असं वाटलं होतं, पण तो मुकाट्याने उठला. तिथेच मी घाबरले. माझा नवरा होडी तयार ठेवून घरी येणाऱ्यांतला नाही.

घरी येईपर्यंत तो दोनदा थांबला. ओट्यावर बसला तो छाती चोळत. श्वासाला रॉकेलचा वास येत होता, आणि तो श्वास लहान लहान होत चालला होता, उन्हात बसलेल्या कुत्र्यासारखा. डोळे जड झाले होते. पोटात आग पडलीय म्हणाला. सासूबाईंनी एक नजर टाकली आणि आत गेल्या. पाठोपाठ शेजारीण आली, ती म्हणाली नारळाचं दूध द्या. दुसरी म्हणाली, कच्चं अंडं द्या. सासूबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तांब्या होता आणि त्यात मूठभर मीठ विरघळवलेलं पाणी.

"हा पी. उलटी होवंदे. सगला बाहेर पडल."

त्यांचं बोलणं कोणालाही पटावं असंच होतं. विष पोटात गेलंय, ते काढायचं. सासऱ्यांनी एकदा विषारी मासा खाल्ला होता, तेव्हा सासूबाईंनी असंच मीठपाणी पाजून, घशात बोटं घालून त्यांना वाचवलं होतं. आमच्या पाखाडीतल्या साऱ्या घरांना ती गोष्ट माहीत होती. मीसुद्धा नवऱ्याची मान मागून धरायला पुढे झाले होते. एका हाताने मान धरली आणि दुसऱ्या हाताने दिरांना फोन लावला. का लावला? मला वाटतं, काही वाईट झालं तर त्यांना कळायला हवं, एवढंच मनात होतं. सल्ला विचारायचा म्हणून मुळीच लावला नव्हता.

मी सांगितलं, तुमच्या भावाने रॉकेल ओढलं, गिळलं, आई मीठपाणी देताहेत.

पलीकडून ते इतक्या जोरात ओरडले की शेजारणीलाही ऐकू गेलं. "वहिनी, उलटी काढू नको. अजिबात नको. काही पाजू नको त्याला."

मी म्हटलं, "अहो, पोटात गेलंय त्यांच्या."

"पोटात राहू दे. पोटातलं एवढं करत नाही. वर येताना छातीत उतरलं तर संपलं. आम्हाला हेच शिकवतात इथे, पहिल्या दिवशी. तू त्याला बसता ठेव आणि गाडी काढ. वहिनी, ऐकतेस ना?"

मी ऐकत होते. पण समोर सासूबाई तांब्या त्याच्या ओठांना लावत होत्या आणि तो तोंड उघडत होता, आईने सांगितलं म्हणून. एका बाजूला मुंबईहून आलेला आवाज, जो माझ्या नवऱ्याला बघूही शकत नव्हता. दुसऱ्या बाजूला ज्या बाईने त्याला जन्म दिला, जिने एक माणूस याच पाण्याने वाचवला होता. मी जर पाणी अडवलं आणि विष आत राहून तो गेला, तर मी त्याला मारलं. मी जर पाणी दिलं आणि दिरांचं खरं निघालं, तरी मी त्याला मारलं. मला एवढंच दिसत होतं.

मी तांब्या धरला. सासूबाईंनी सोडला नाही. आम्ही दोघी त्याच्या तोंडासमोर तो तांब्या ओढत होतो, आणि तो मधे श्वासासाठी धडपडत होता. शेवटी मी हिसडा दिला. पाणी माझ्या अंगावर, त्याच्या अंगावर, ओट्यावर सांडलं.

सासूबाई ओरडल्या नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, "त्याला काय झाला तर तुझ्या माथ्यावर."

मी म्हटलं, "माझ्या माथ्यावर." आणि रिक्षा बघायला धावले.

रत्नागिरीचा रस्ता मी शेकडो वेळा गेले असेन. त्या दिवशी तो संपेना. सुट्टीचा दिवस होता आणि समोरून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली. अरुंद वळणांवर त्यांच्या गाड्या आणि आमची रिक्षा नाकाला नाक लावून उभ्या. एका गाडीतून कोणी तरी मुलगी हात बाहेर काढून समुद्राचे फोटो घेत होती. नवरा माझ्या आणि सासूबाईंच्या मधे बसला होता. मी त्याला आडवं होऊ दिलं नाही. त्याला मळमळत होतं. प्रत्येक उमाशाला तो मान पुढे करायचा. मी म्हणत होते, गिळा, गिळा, वर येऊ देऊ नका. सासूबाई बाहेर बघत होत्या. त्या मनात काय म्हणत होत्या ते मला ऐकू येत होतं असं वाटत होतं.

खड्ड्यात रिक्षा आदळली की त्याचा श्वास थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. मी देवाला काही बोलले नाही. मला देवाचं नावच आठवेना. मला फक्त काकूच्या त्या बांगड्या दिसत होत्या.

सरकारी दवाखान्यात त्याला खुर्चीवर बसवून आत नेलं. एक तरुण डॉक्टरीण होती. तिने पाठीला नळी लावून ऐकलं, बोटाला चिमटा लावला, आणि आकडा बघून ताबडतोब ऑक्सिजन लावायला सांगितलं. मग ती आमच्याकडे वळली.

"उलटी काढली का यांची? मीठपाणी, बोट घालून, काही केलं का?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. त्या क्षणी मला कोणतं उत्तर बरं ते ठरवता येईना. 'नाही' म्हटल्यावर ती 'का नाही' म्हणाली तर?

"नाही," मी म्हटलं.

"बरं केलंत," ती म्हणाली. "काढली असती तर जे थोडं फुप्फुसात गेलंय ते जास्त गेलं असतं. मग माझ्याही हातात काही राहिलं नसतं." आणि ती आत गेली.

मला वाटलं होतं, असं कोणी म्हटलं की सुटल्यासारखं होईल. तसं झालं नाही. थोडं गेलंय, असं ती म्हणाली होती ना. म्हणजे गेलंय. मी भिंतीला धरून खाली बसले. सासूबाई उभ्याच होत्या. त्यांनी आपला उजवा हात पदराखाली घेतला होता. तांब्या धरला होता तो हाच हात.

दोन दिवस सांभाळून राहायचं, असं डॉक्टरीण म्हणाली होती. संध्याकाळी ताप चढला. छातीच्या फोटोत खालच्या बाजूला ढगासारखं पांढरं आलं होतं. ते मला कोणी समजावून सांगितलं नसतं तरी कळलं असतं, कारण बाकीचं सगळं काळं होतं. तो डोळे मिटून पडायचा, आणि त्याची छाती हलत्येय की नाही हे बघता बघता माझेच श्वास चुकायचे. रात्रीचं मी लिहीत नाही. ते मला लिहिता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर आले, मिळेल त्या गाडीने, कामावरचे बूट घातलेलेच. भावाला काचेतून बघितलं आणि बाहेरच्या बाकावर येऊन बसले. मग म्हणाले, "वहिनी, तिथे आम्ही हातमोजे घातल्याशिवाय नळीला हात लावत नाही. आधी विमानाला वायर जोडतात, ठिणगी पडू नये म्हणून. फोन बाजूला ठेवायचा. थेंब सांडला तरी चार माणसं धावत येतात. आणि हा तेच तोंडात धरतो." आणि म्हणाले, "मलाही यानेच शिकवलं. मी इथे असतो तर मीही तोंडानेच ओढत असतो."

ते रडायला लागले. एवढा उंच माणूस, छातीवर कंपनीचं कार्ड लटकलेलं, आणि गुडघ्यांत डोकं घालून रडतोय. सासूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि तसाच परत घेतला.

ताप तिसऱ्या दिवशी उतरू लागला. ऑक्सिजन काढला तेव्हा नवरा पहिलं वाक्य बोलला ते असं: "टाकी भरली काय पूर्ण?" मला इतका राग आला की मी बाहेर निघून गेले. बाहेर गेल्यावर रडू आलं. रडून झाल्यावर आत येऊन त्याला म्हटलं, "भरली. ती नळी मी चुलीत घातली." ते खोटं होतं, पण घरी गेल्यावर मी ते खरं केलं.

दिरांनी जाताना हाताने दाबायचा पंप आणून दिला. त्याला तोंड लावावं लागत नाही. नवऱ्याने तो घेतला. जेटीवरच्या लोकांनी थट्टा केली असणार, पण त्याने घरी काही सांगितलं नाही. बाकीच्या होड्या अजून तोंडानेच भरतात. एवढं सगळं डोळ्यांसमोर होऊनसुद्धा. मी दोघातिघांच्या बायकांशी बोलले. त्या म्हणाल्या, सांगून ऐकतात काय?

घरात एक गोष्ट बदलली. सासूबाई आमच्या घरच्या कर्त्या. पातेल्यात मीठ किती, होडी कधी काढायची, कोणाच्या लग्नाला कोण जाणार, सगळं त्या ठरवायच्या. नवरा घरी आल्यावर पहिल्या दुपारी त्याला खोकला आला आणि त्याने पाणी मागितलं. सासूबाई माठाजवळच होत्या. त्यांनी पेला भरला, दोन पावलं आल्या आणि थांबल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, "देऊ काय?"

स्वतःच्या मुलाला पाणी द्यायला त्या माझी परवानगी मागत होत्या. मला म्हणायचं होतं, आई, तुमचं काही चुकलं नाही, मीसुद्धा मान धरायला आलेच होते. पण मी नुसती मान हलवली. त्यांनी पेला त्याच्या हातात दिला, ओठांना लावला नाही. त्या दिवसापासून मी तो हात बघते आणि मला वाईट वाटतं.

आता नवरा रोज संध्याकाळी समुद्रावरून आला की मी दारातच त्याच्या तोंडाचा वास घेते. इथल्या बऱ्याच बायका घेतात, पण दारूसाठी. आमच्या पाखाडीत त्यावरून हसू चालतं. एक जण म्हणाला, "वयनी, आमचा पन बघा जरा." मी त्याला म्हटलं, तुझा तर जेटीवरूनच येतो. नवराही हसतो आणि तोंड पुढे करतो, शाळेत नखं दाखवल्यासारखं. माशांचा वास असतो, तंबाखूचा असतो. मला चालतं. मी बाजूला होते आणि तो आत जातो.

परवा वास आला.

थोडाच होता. दुसऱ्या कोणाला कळलाही नसता. मी तशीच त्याच्या तोंडासमोर उभी राहिले. त्याला कळलं की मला कळलं.

"पंपाचा रबर फाटला गो," तो म्हणाला. "भरती लागत हुती. एकदाच ओढला. लगेच थुकला, आत नाय गेला."

मला ओरडायचं होतं. मी त्या क्षणासाठी काय काय बोलायचं ते महिनाभर मनात जुळवून ठेवलं होतं, आणि माहेरी निघून जायचं वाक्यही त्यात होतं. त्यातलं काही आलं नाही. मी त्याला ओट्यावर बसवलं, सदरा वर केला आणि पाठीला कान लावला. अंगणातून माणसं येत जात होती. त्याची पाठ खाऱ्या पाण्याने ओली होती.

"श्वास घ्या," मी म्हटलं.

तो हसला नाही. त्याने घेतला.

"अजून."

त्याने घेतला. सासूबाई दारात आल्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना कोणी काही सांगावं लागलं नाही. चौकट धरून त्यांनी विचारलं, "काय ऐकू येता?"

मला माझ्याच काळजाची धडधड ऐकू येत होती, दुसरं काही नाही. मी कान आणखी घट्ट लावला आणि त्याला म्हटलं, पुन्हा घ्या.